शेजारच्या सीटवरचं माणूस

पापांच्या बागेतली सफरचंदं वर डोंगरात रसाच्या चरकावर नेऊन टाकायची, एवढंच त्या शनिवारी काम होतं. परतताना नेहमीसारखं नकाशावर बोट ठेवायचं, आजवर न पाहिलेला एखादा रस्ता निवडायचा आणि जर्मनीतल्या हुन्सर्युक डोंगराच्या जंगलातून वळणं घेत, रमतगमत घरी यायचं.

लिओबा सतरा वर्षांची होती. लायसन्स हातात होतं, पण एकटीने गाडी चालवायची मुभा नव्हती. अठरावं पूर्ण होईपर्यंत नाव नोंदवलेलं मोठं माणूस शेजारच्या सीटवर बसलेलं हवं, आणि ते प्यायलेलं नको, असा नियम. तिच्या कागदावर पापांचं, गेर्नोटचं, नाव होतं.

आई आणि पापा वेगळे झाल्याला दोन वर्षं झाली होती. लिओबा खाली नदीकाठच्या शहरात आईकडे राहायची आणि एक शनिवार आड पापांकडे यायची. ती मुळातच अबोल. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलं की तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. गाडीत मात्र दोघांचे डोळे रस्त्यावर असायचे, कुणी कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, आणि मग ती बोलायची. शाळेबद्दल, आईच्या नव्या मित्राबद्दल, रात्री झोप येत नाही त्याबद्दल. पापा ऐकायचे. मध्येच दरवाज्याच्या धातूच्या मुठीवर बोटातली अंगठी वाजवायचे. टक टक, म्हणजे गिअर वाढव. एकदाच टक, म्हणजे कमी कर. ती त्यांच्या लग्नाची अंगठी होती. आईने आपली केव्हाच काढून ठेवली होती.

"टक टक ऐकू आलं का राणीसरकारांना? मागून सायकलवर एक आजी येतेय. आता ती आपल्याला मागे टाकणार," पापा म्हणाले.

"येऊ दे. तिला सांगेन, माझ्या पापांना घेऊन जा."

"नेईल हो! मी अजून दिसायला बरा आहे."

चरक चालवणाऱ्या इर्मेल काकूंनी पोती उतरवून घेतली आणि अंगणातल्या बाकावर दोघांना बसवलं. कांद्याचा गरम केक आला. त्याच्याबरोबर पापांसाठी पेला आला. नवी वाइन, अजून फसफसणारी, गढूळ, गोडसर.

लिओबाने पापांकडे पाहिलं.

"अगं, हा रस आहे रस. वाइन व्हायला याला अजून महिनाभर आहे," पापा म्हणाले.

आईची एकच अट होती, आणि ती तिने दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली होती. लिओबा गाडी चालवत असताना एक थेंबही नाही. कळलं, तर शनिवार बंद.

दुसरा पेला आला तेव्हा लिओबा केकचे तुकडे करत राहिली. बोलायला हवं होतं. ती बोलली नाही.

"वरच्या अंगाला आज शिकारीचा हाका आहे," निघताना इर्मेल काकू म्हणाल्या. "सकाळपासून बंदुका वाजताहेत. खालच्या रस्त्याने जा, गेर्नोट."

"खालचा रस्ता पाहिलेला आहे, काकू."

"मग पुन्हा पाहा. रस्ता काही संपत नाही बघून."

पापा हसले. गाडीत बसल्यावर त्यांनी नकाशा उघडला आणि वरच्या रस्त्यावर बोट ठेवलं.

*

जंगल सुरू झालं तिथे रस्त्याच्या कडेला एक तिकोनी फलक उभा होता: शिकार चालू आहे, सावकाश जा. पुढे रस्ता अडवणारा लाकडी अडसर कुणीतरी उघडून बाजूला केलेला होता.

"हे लोक फलक लावतात आणि आठवडाभर उचलत नाहीत," पापा म्हणाले. "चल."

चार वाजून गेले होते. दोन्ही बाजूंनी स्प्रूसची झाडं इतकी दाट की खालच्या फांद्या उजेडावाचून वाळून करड्या पडलेल्या. त्यांच्यामधून धुकं रस्त्यावर उतरत होतं. काचा वर असूनही ओल्या मातीचा आणि राळेचा वास आत येत होता. लिओबाने दिवे लावले. दिव्यांचा उजेड धुक्याला टेकून तिथेच थांबला.

"आई म्हणते, पुढच्या वर्षी आपण दोघींनी पार उत्तरेला, हॅम्बुर्गला राहायला जायचं," ती म्हणाली. कितीतरी दिवस हे वाक्य ती मनात घोळवत होती.

पापांनी नकाशाची घडी घातली. थोड्या वेळाने अंगठी वाजली. टक टक.

तिने गिअर वाढवला. तिला वाटलं, धुक्यात हा वेग जास्त आहे. पण पापांनी सांगितलं होतं, आणि हॅम्बुर्गचं नाव काढून तिने त्यांना नुकतंच दुखवलं होतं.

लहान जातीची एक हरिणी डावीकडून आली. पळत नव्हती, जणू कुणीतरी तिला रस्त्यावर भिरकावून दिलं होतं. लिओबाला तिचा ओला काळा डोळा दिसला, आणि मग गाडीच्या नाकावर असा आघात झाला की पट्टा तिच्या खांद्यात रुतला. काच फुटल्याचा आवाज झाला. गाडी तिरकी होऊन थांबली.

आणि मग ओरडणं सुरू झालं.

रानातलं हरीण ओरडतं, हे लिओबाला माहीत होतं. असं ओरडतं हे माहीत नव्हतं. लहान मूल दारात बोट चेमटल्यावर ओरडतं ना, तसं. श्वास घ्यायला थांबायचं आणि पुन्हा.

ती खाली उतरली. तिचे हात शिकवल्याप्रमाणे आपोआप चालत होते. चारी दिवे लुकलुकत ठेवायचे. मागे धोक्याचा तिकोन मांडायचा. जनावराला हात लावायचा नाही. पोलिसांना फोन. ते शिकारदाराला, म्हणजे इथल्या शिकारीचा हक्क असलेल्या माणसाला, बोलावतात आणि तो येऊन...

"फोन ठेव," पापा म्हणाले.

"पण पापा, ती जिवंत आहे."

"लिओबा. फोन ठेव." ते दोन्ही हात गाडीच्या टपावर ठेवून उभे होते. "ते आले की आधी तुला फुंकायला लावतील, मग मला. कळतंय का? तुझं लायसन्स जाईल. आईला कळेल. मग शनिवार नाहीत. मग हॅम्बुर्गच."

हरिणीचे पुढचे दोन्ही पाय गुडघ्याखाली मोडले होते. ती मागच्या पायांनी स्वतःला पुढे ढकलत होती आणि छाती रस्त्यावर घासली जात होती. डांबरावर एक चकचकीत पट्टा उमटत होता.

पापांनी डिकी उघडली. चाक बदलायचा पाना काढला.

"तू तिकडे तोंड कर."

तिने केलं नाही. का, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. कदाचित कुणीतरी बघायला हवं, असं तिला वाटलं असावं.

पहिला घाव चुकला आणि मानेवर बसला. दुसऱ्याने खालचा जबडा डाव्या बाजूने तुटून लोंबायला लागला. ओरडणं थांबलं नाही, फक्त त्याचा आकार बदलला. पापा शिव्या देत होते, हरिणीला नव्हे, स्वतःला, रस्त्याला, आईला. त्यांनी गुडघा तिच्या बरगड्यांवर रोवला आणि पाना दोन्ही हातांनी उचलला. कानामागे. पुन्हा कानामागे. हाड आत जातानाचा आवाज ओल्या लाकडाचा असतो, हे लिओबाला तेव्हा कळलं. पापांच्या चष्म्यावर थेंब उडाले. एका घावाला मागचा पाय ताडकन सरळ झाला आणि पापांच्या पोटरीवर बसला. मग ते मारतच राहिले. गरज होती त्याहून जास्त वेळ.

शेवटी जंगलात आवाज उरला तो त्यांच्या धापांचा.

"झालं," ते म्हणाले, आणि हसले. ते हसणं फार वाईट होतं. "वर्षभराचं मटण झालं बघ. डोकं धरतेस?"

"डिकीत घालायची? पापा, ही आपली नाही. शिकारदाराची असते. ही चोरी होते."

"इथे टाकली तर सकाळी त्यांना सापडेल. आपल्या दिव्याच्या काचा सापडतील. सगळ्या मी वेचू शकत नाही."

सफरचंदांच्या ताडपत्रीवर त्यांनी तिला आडवं केलं. डिकीत अजून सफरचंदांचा गोड वास होता. त्यात दुसरा वास मिसळला, गरम आणि लोखंडासारखा.

लिओबा रस्त्याच्या कडेला गेली आणि स्प्रूसची फांदी धरून उभी राहिली.

"आता काय?" पापांनी विचारलं.

"तोंडात डहाळी ठेवायची असते ना. शेवटचा घास." या डोंगरात शिकार न करणाऱ्यांनाही एवढं ठाऊक असतं. मारलेल्या जनावराला शेवटचा घास द्यायचा आणि मगच त्याला हलवायचं.

"तोंड उरलंय कुठे तिला?" पापा म्हणाले, आणि त्यांनी डिकी आपटून बंद केली.

*

ते पुढे निघाले. एकच दिवा चालू होता. रस्ता चढत होता, खरं तर एव्हाना उतरायला लागायला हवा होता. फोनवरचा नकाशा कोरा झाला होता.

मग डिकीत काहीतरी हललं.

"सफरचंद राहिलं असेल एखादं," पापा म्हणाले.

लिओबाने मान डोलावली. पोती तिने स्वतः उतरवली होती. एकही सफरचंद राहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने पुन्हा. या वेळी घसरल्यासारखं नव्हतं. डिकीच्या पत्र्यावर आतून कुणीतरी कठीण नख टेकवलं होतं, आणि आता ते हळूहळू, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ओढत होतं.

"पापा..."

"पुढे बघ."

पुढे उजेड होता.

झाडं मागे हटली होती. मोकळ्या माळाच्या चारी कोपऱ्यांवर आगट्या पेटल्या होत्या. आणि मधोमध, रस्त्याला आडवी, शिकारीची रांग मांडलेली होती. दिवसाची शिकार अशीच मांडतात. स्प्रूसच्या फांद्यांचं अंथरूण, त्यावर प्रत्येक जनावर उजव्या कुशीवर, आधी मोठ्या हरणांचे शिंगवाले नर, मग त्यांच्या माद्या, मग रानडुकरं, मग लहान जातीची हरणं, शेवटी कोल्हे. प्रत्येकाच्या तोंडात हिरवी डहाळी. एका बाजूला शिकारी उभे, समोरच्या बाजूला कर्णे घेतलेले. लिओबाने असं लहानपणी गावात पाहिलं होतं. पण तेव्हा लोक कुजबुजायचे, पाय आपटायचे, खिशातल्या बाटल्या एकमेकांना द्यायचे. इथे कुणी हलत नव्हतं.

लहान हरणांच्या ओळीत एक जागा मोकळी होती. फांद्या अंथरलेल्या होत्या, ताज्या, आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं.

"उतरायला लागेल," पापा हळूच म्हणाले. "रांग ओलांडून गाडी जाणार नाही. मी बोलतो. तू एक शब्द बोलायचा नाहीस, कळलं? एक शब्द नाही."

थंडी तोंडावर आदळली. लिओबाच्या तोंडातून वाफ निघाली, पापांच्या तोंडातूनही. मग तिने समोरच्या लोकांकडे पाहिलं. तीसेक माणसं आगटीच्या उजेडात उभी होती, आणि एकाच्याही तोंडापुढे वाफ नव्हती.

तिची नजर खाली गेली. रांगेतल्या जनावरांच्या नाकपुड्यांतून, प्रत्येकाच्या, बारीकशी वाफ निघत होती.

रांगेच्या टोकाहून एक म्हातारी पुढे आली. डोक्यावर हिरवी टोपी, पाठीवर पांढरी वेणी, अंगात गुडघ्यापर्यंतचा जुना जाड कोट. तिने गाडीच्या फुटक्या दिव्याकडे पाहिलं.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

"शुभ संध्याकाळ," पापा म्हणाले. "आम्ही वाट चुकलो. तुमचं झालं की जाऊ द्या. पोरीला उशीर होतोय."

"एक कमी आहे. तुमच्याकडे आहे का?"

"आमच्याकडे? छे. दिव्याचं म्हणता? तो झाडाला ठोकला. नवशिकी आहे ना ही." पापांनी लिओबाच्या खांद्यावर हात ठेवला.

म्हातारी लिओबाकडे वळली. "गाडीत काही आहे का, पोरी?"

लिओबाच्या ओठांवर ते आलं होतं. आहे. डिकीत आहे. पण शनिवार होते. गाडीतलं बोलणं होतं. पापांची बोटं खांद्यात रुतत होती. ती जमिनीकडे बघत राहिली, जशी वर्गात बघायची, प्रश्न दुसऱ्या कुणाकडे जाईपर्यंत.

"नाही म्हणाली ती," पापा म्हणाले.

"ती काहीच म्हणाली नाही."

"पुरे झालं हे." पापांचा आवाज चढला. "तिकडे तुमच्यातला कुणी शहाणा माणूस आहे का, त्याच्याशी बोलतो मी." आणि ते चालू लागले. वळसा घालून नव्हे. सरळ, मोकळ्या जागेच्या शेजारी पडलेल्या हरणावरून लांब पाय टाकून, रांगेच्या पलीकडे.

लिओबाने श्वास रोखला. मेलेल्या शिकारीवरून कुणी पाय टाकत नाही. कधीच नाही. लहान पोरांना फटका देऊन शिकवतात.

समोरच्या ओळीतला एक कर्णा वाजला. एकच लांब सूर, मध्येच कापलेला.

पापांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली मोडले.

त्यांना कुणी शिवलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी होते. पापा तोंडावर पडले आणि ओरडले. मग त्यांची मान एका बाजूला हिसकली गेली. मग जबडा, डावीकडून, खाड् करून उतरला आणि लोंबायला लागला, आणि ओरडण्याचा आकार बदलला. बरगड्यांवर अदृश्य गुडघा रोवला गेला. लिओबाला पुढचा घाव कुठे पडणार ते माहीत होतं. तिने सगळं बघितलं होतं, त्याच क्रमाने. कानामागे. त्यांचं डोकं जमिनीवर आपटलं. चष्मा गवतात उडाला. पुन्हा कानामागे. ओल्या लाकडाचा आवाज. तोंडातून काळं रक्त आलं. त्यांची बोटं मातीत रुतत होती. ते स्वतःला तिच्याकडे ओढत होते.

"थांबवा!" लिओबा किंचाळली. एवढा मोठा आवाज तिने आयुष्यात कधी काढला नव्हता. "आहे! डिकीत आहे! मीच पाडली तिला, गाडी मी चालवत होते!"

घाव थांबले. आगटीत एक लाकूड तडकलं.

"पाडलीस तू," म्हातारी म्हणाली. "आणि पुरी कुणी केली?"

"पापांनी."

"पुरी झाली का?"

लिओबाला डिकीतलं ते नख आठवलं, पत्र्यावरून ओढलं जाणारं.

"नाही," ती रडत म्हणाली.

"मग तोही पुरा झालेला नाही. आण तिला."

शिकाऱ्यांतल्या दोघांनी पुढे येऊन डिकी उघडली. हरिणी ताडपत्रीवर होती. तिच्या फुटलेल्या डोक्यातला एक डोळा लिओबावर खिळलेला होता आणि पापणी मिटत होती, उघडत होती. त्यांनी तिला अलगद उचलून मोकळ्या जागेवर ठेवलं, उजव्या कुशीवर. म्हातारीने डिकीतली ताडपत्री झटकली, लिओबाला रिकामी डिकी दाखवली आणि बंद केली.

"घास दे तिला."

लिओबाने स्प्रूसची डहाळी तोडली. टोकाला एक छोटं, अजून न उघडलेलं बोंड होतं. गुडघ्यावर बसून तिने ती त्या मोडक्या जबड्यात ठेवली. "माफ कर," ती पुटपुटली. दात हळूच डहाळीवर मिटले. हरिणीच्या नाकातून एकदा वाफ आली. मग आली नाही.

कर्णे वाजले, सगळे एकदम. छाती फाटेल असे.

म्हातारीने दुसरी डहाळी जखमेवर टेकवून ओली केली आणि टोपीवर ठेवून लिओबापुढे धरली. शिकार ज्याची, त्याला ती देतात. लिओबाला ती घ्यावी लागली.

"मला पापांना घरी न्यायचंय," ती म्हणाली. "एवढंच हवंय मला."

"ने की." म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "शेजारची सीट रिकामी ठेवून तुला चालवता येत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. कुणीतरी बसायलाच हवं."

लिओबाने वळून पाहिलं. पापा उठून उभे होते. पाय सरळ, जबडा जागेवर. अंगावर माती होती, बाकी काही नाही. ते रांगेच्या टोकाला नीट वळसा घालून आले आणि गाडीत जाऊन बसले.

*

घाटाचा उतार लागला तरी ती रडत होती, पण आता सुटकेने. पापा होते. शेजारी होते. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि बोलत नव्हते, पण त्यांनी बोलावं अशी अपेक्षा तरी कशी करायची?

"मी आईला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "किंवा सगळं सांगेन. तुम्ही म्हणाल तसं. हॅम्बुर्गला मी जाणारच नाही, पापा."

ती अंगठीच्या आवाजाची वाट बघत होती. वळण संपलं, रस्ता सरळ झाला, इंजिन कुरकुरू लागलं. अंगठी वाजली नाही. तिने आपणच गिअर बदलला.

दरीतल्या पहिल्या गावाच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी होती. एका तरुण पोलिसाने हात केला.

"दिवा फुटलाय तुमचा. लायसन्स?" त्याने कार्ड बघितलं. "सतरा. बरं. सोबत मोठं माणूस आहे, छान. ओळखपत्र?"

पापांनी खिशातून पाकीट काढून पुढे केलं. दोन पेले. आता व्हायचं ते होणार.

"हॅलो, साहेब. नेमाप्रमाणे एकदा फुंकायचं." पोलिसाने तिच्यासमोरून हात घालून यंत्र पापांच्या तोंडाशी नेलं. "जोरात... अजून. नाही, नाही, फुंका ना." त्याने यंत्र हलवून बघितलं. "गंमतच आहे. हे म्हणतंय, कुणी फुंकतच नाहीये."

त्याने टॉर्च वर केला. त्या प्रकाशात पापांचे डोळे हिरवे चमकले.

"अहो, आधी तोंडातली ती डहाळी तरी काढा," पोलीस हसून म्हणाला. "नाहीतर कसं फुंकता येईल?"

लिओबाने मान वळवली. पापांच्या दातांत स्प्रूसची डहाळी होती. टोकाला न उघडलेलं बोंड. त्यांचा खालचा जबडा हलत होता, वर-खाली नाही. आडवा, सावकाश, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे.

"जाऊ दे," पोलीस म्हणाला. "दारूचा वास तर नाहीच. ओल्या पाल्याचा येतोय. दिवा उद्याच्या उद्या बसवून घ्या. सावकाश जा, बाई."

तिने गाडी सुरू केली. मागे पोलीस उभा होता, आणि शेजारची सीट भरलेली होती. पहिला गिअर. दुसरा. पापांच्या बाजूची काच अगदी स्वच्छ होती. त्यांचं नाक तिला टेकलं होतं, तरीही.

धुरकटत होती ती मागची काच. डिकीवरची. आतल्या बाजूने. एक गोल ठिपका वाढायचा, आक्रसायचा, पुन्हा वाढायचा.

डिकी रिकामी होती. तिने स्वतः पाहिली होती.

रस्ता सरळ झाला, इंजिन कुरकुरू लागलं. आणि मागून, बंद डिकीच्या आतून, पत्र्यावर अंगठी वाजली.

टक टक.

लिओबाने गिअर वाढवला.